सोसायटीच्या गच्चीवर सामूहिक भाजीबाग: फायदा नेमका किती आणि कोणाला?

पारिजात_पुणे यांचा प्रश्न

नमस्कार. पुण्यात कर्वेनगर भागात आमची ४२ सदनिकांची, १९९४ साली बांधलेली गृहनिर्माण सोसायटी आहे. सुमारे ४,००० चौरस फुटांची मोकळी गच्ची आहे आणि इमारतीच्या मागे कुंपणाच्या भिंतीलगत आठ फूट रुंदीची एक लांब पट्टी आहे, जिथे आज उरलेल्या फरश्या, मोडक्या सायकली आणि कोणाच्या तरी जुन्या पलंगाचे पाय पडून आहेत. या दोन्ही जागांवर सर्वांनी मिळून भाजीबाग करावी असा प्रस्ताव मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. सभेला तीन आठवडे आहेत.

विरोध कोणत्या मुद्द्यांवर होणार हे मला आताच ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरील मंडळींना गळतीची भीती वाटते. काहींना डासांची काळजी आहे. पाणी कोण घालणार, माळी ठेवला तर त्याचा पगार कोण देणार आणि आलेली भाजी कोणाच्या घरी जाणार, हे प्रश्न तर प्रत्येक जण विचारतो. परंतु मला खरोखर निरुत्तर केले ते आमच्या खजिनदारांनी. ते म्हणाले, "मंडईत पालकाची जुडी पंधरा-वीस रुपयांना मिळते. बेचाळीस घरांनी वर्षभर राबून त्यातून किती रुपयांचा पालक निघेल, ते मला कागदावर दाखवा." मी आकडे मांडून पाहिले आणि ते त्यांच्याच बाजूचे निघाले.

तरीही हे करावे असे मला मनापासून वाटते. माझ्या सासूबाई जुन्नर तालुक्यातून आमच्याकडे राहायला आल्याला दोन वर्षे झाली. आयुष्यभर शेतात राबलेली ही बाई आता दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत बसते. पण सभेपुढे ही गोष्ट कारण म्हणून मांडता येत नाही. ज्यांनी अशी बाग प्रत्यक्ष चालवली आहे, त्यांनी खरा फायदा काय झाला आणि कोठे फसगत झाली, हे दोन्ही सांगावे. उगाच वाढवून सांगितलेले मला सभेत उपयोगी पडणार नाही.

स्थापत्य_सांगली यांचे उत्तर

मी तीस वर्षे इमारतींच्या आराखड्यांचे काम केले आहे, म्हणून फक्त गच्चीपुरते लिहितो.

वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो एवढा भार धरलेला असतो. माणसे, सामान, कुंड्या, सगळे त्यातच बसवायचे असते. आता एक फूट जाडीचा मातीचा वाफा घ्या. भिजलेल्या मातीच्या एका घनमीटरचे वजन १,६०० ते १,८०० किलो भरते, त्यामुळे एक फूट मातीचा भार दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास जातो. इमारत ज्यासाठी बांधली आहे त्याच्या तिपटीहून अधिक भार तुम्ही कायमचा तिच्या डोक्यावर ठेवणार. शिवाय नव्वदच्या दशकातल्या बहुतेक इमारतींवर मूळ कोब्यावर दुसरा कोबा किंवा चायना मोझॅकचा थर गळती थांबवण्यासाठी नंतर चढवलेला असतो. तो भार मूळ हिशेबात नसतो आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही.

म्हणजे गच्चीवर बाग करूच नये असे नव्हे. कुजलेला पालापाचोळा, उसाचे चिपाड आणि कंपोस्ट यांचा सहा इंचांचा वाफा मातीच्या मानाने पुष्कळ हलका असतो आणि पालेभाजीला तेवढी खोली पुरते. मोठी पिंपे किंवा टब ठेवायचे झाल्यास ते खाली खांब आणि तुळया आहेत अशाच जागी ठेवावेत; स्लॅबच्या मध्यावर किंवा भिंतीबाहेर काढलेल्या भागावर कधीही ठेवू नयेत. कोणताही वाफा थेट फरशीवर न टेकवता विटांवर किंवा स्टँडवर उचलून घ्यावा, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल आणि मुळे सांध्यात शिरणार नाहीत. पावसाळी पाइपांची तोंडे पूर्ण मोकळी राहिली पाहिजेत. मी पाहिलेल्या गळत्यांपैकी कितीतरी गळत्या झाडांमुळे झालेल्या नव्हत्या. त्या पाल्याने तुंबलेल्या जाळीमुळे झालेल्या होत्या.

सभेच्या आधी एक काम करा. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन छताच्या गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला, पांढरी खार फुटलेली दिसली किंवा पोपडे निघत असले, तर आधी दुरुस्ती आणि मग बाग. तुमची इमारत तिशी ओलांडलेली आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे अशा इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवे. ते झाले नसेल तर बागेच्या निमित्ताने करून घ्या. तोपर्यंत जमिनीवरच्या पट्टीपासून सुरुवात करा. तिथे भाराचा प्रश्नच नाही.

माठ_मायाळू_ठाणे यांचे उत्तर

पारिजातताई, आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत बागेचे हे आठवे वर्ष आहे. तुमच्या खजिनदारांना पहिल्याच वाक्यात सांगा की पालकाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. भाजीच्या किमतीवर ही बाग कधीच फायद्यात दिसणार नाही. आमच्याकडे पहिली दोन वर्षे आम्ही तोच हिशेब मांडत राहिलो आणि दरवर्षी खट्टू झालो. नंतर लक्षात आले की आपण चुकीच्या बाजूने मोजतो आहोत. बागेतून वर काय येते, त्याआधी बागेच्या पोटात काय जाते ते मोजायला हवे.

आमच्याकडे ४० घरे आहेत. एक आठवडा आम्ही ओला कचरा ताणकाट्यावर तोलला, तर रोजचा वीस किलोंच्या आसपास भरला. भाज्यांची देठे, कांद्याची साले, चहाचा चोथा, देवाची फुले. हे सगळे पूर्वी घंटागाडीतून जायचे. आज त्यातले जवळजवळ सगळे आमच्याच आवारात, विटांच्या जाळीदार चार हौदांत जिरते. पुण्याच्या माणसाला तर हे अधिक जवळून कळायला हवे, कारण उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्याचा वास आणि विहिरींचे बिघडलेले पाणी वर्षानुवर्षे सोसले आहे आणि त्यासाठी वारंवार आंदोलने केली आहेत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले. तुमची सोसायटी त्याहून लहान असली तरी पुणे महापालिका गांडूळखत, पर्जन्यजल संधारण किंवा सौरऊर्जा यांपैकी एक प्रकल्प चालवणाऱ्यांना मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक चालवणाऱ्यांना १० टक्के सवलत देत आलेली आहे. खजिनदारांना कागदावर दाखवायचा आकडा हा आहे. मात्र प्रकल्प खरोखर चालू असावा लागतो, नुसते पिंप आणून ठेवून भागत नाही.

आता फसगतीबद्दल. पहिल्या वर्षी आम्ही एका विक्रेत्याकडून तयार पिशव्या आणि तयार माती एकदमच विकत घेतली. सहा महिन्यांत ती माती विटेसारखी कडक झाली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पिशव्या उन्हाने विरून हाताने फाटू लागल्या. पैसे तर गेलेच, पण ज्यांनी उत्साहाने वर्गणी दिली होती त्यांचा विश्वासही गेला, आणि तो परत मिळवायला वर्ष लागले. तेव्हापासून आम्ही माती विकत आणलेली नाही. आवारातला पाला आणि हौदातले खत यांच्यावरच सगळे चालते.

ही पद्धत काही आमची नव्हे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी साधारण दोन दशकांपूर्वी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली, आणि पुढे मुंबईत अनेकांनी त्यांच्यापासून हे काम शिकून घेतले. आम्ही अमृतजलही वापरतो: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ घालून तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ ढवळायचे आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून वाफ्यांना द्यायचे. शेण आमच्या जवळच्या गोठ्यातून येते.

पिकांची निवड नम्रपणे करा. फ्लॉवर, गाजर, ढोबळी मिरची यांच्या मागे लागू नका. माठ, चवळी, अंबाडी, मायाळू, अळू, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना आणि ओव्याची पाने ही मंडळी विश्वासू आहेत. मायाळूचा वेल कठड्याच्या जाळीवर सोडला की वर्षभर भज्यांची सोय होते. शेवगा जमिनीवरच लावा आणि दरवर्षी छाटा, नाहीतर तो तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत जाऊन बसतो.

भाजीच्या वाटपावरून आमच्याकडेही भांडणे झाली. आता नियम असा आहे की शनिवारी सकाळी जो कामाला आला, तो आधी घेतो. उरलेली भाजी खाली पत्रपेट्यांजवळच्या टेबलावर ठेवली जाते आणि ज्याला हवी तो एक मूठ नेतो. पैसे नाहीत, वही नाही. वही होती तोवर भांडणे होती. माळी ठेवलेला नाही. पाणी घालायला सात दिवसांच्या सात जोड्या आहेत आणि जी जोडी बाहेरगावी जाते तिने बदली शोधून द्यायची.

तुमच्या सासूबाईंबद्दल वाचले म्हणून हे मुद्दाम लिहिते. आमच्या दुसऱ्या मजल्यावर रायगडकडच्या एक आजी आहेत. यजमान गेल्यानंतर त्या वर्षभर घराबाहेर पडल्या नव्हत्या. एका शनिवारी आम्ही माठ मुळासकट उपटत होतो, तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, "अगो, उपटू नको त्याला, वरून खूड. परत फुटेल तो." मग त्या स्वतःच खाली आल्या, वाफ्याच्या कडेला बसल्या आणि अंगठ्याच्या नखाने कोवळा शेंडा कसा खुडायचा ते तीन-चार मुलांना दाखवले. त्या मुलांची नावे त्यांना तोपर्यंत ठाऊक नव्हती. आज कोणत्या वाफ्यात काय पेरायचे हे त्याच ठरवतात. तुम्ही म्हणता की हे कारण सभेपुढे मांडता येत नाही. माझ्या मते हेच कारण सर्वांत आधी मांडावे, कारण अशा सासूबाई, आई, वडील त्या बेचाळीस घरांपैकी कितीतरी घरांत असणार.

निवृत्त_आरोग्यसेवक यांचे उत्तर

डासांबद्दल थोडेसे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही; तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होईपर्यंत उबदार हवेत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून कुंड्यांखाली बशा ठेवूच नयेत आणि पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, आतून घासून, कोरडी करावीत. डासाची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटून कोरड्यातही जिवंत राहू शकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. झाकणाला बारीक जाळी लावावी. एवढे पाळले तर बागेमुळे डास वाढत नाहीत.

दुसरे म्हणजे मागच्या पट्टीत पूर्वी काय पडत होते ते पाहून घ्या. जुना रंग खरवडून टाकलेला असेल, वाहनांचे तेल किंवा बॅटऱ्या पडलेल्या असतील, तर त्या मातीत पालेभाजी लावू नये, कारण जुन्या रंगातले शिसे मातीत तसेच राहते. अशा ठिकाणी विटांचे उंच वाफे करून बाहेरून आणलेले किंवा घरी केलेले खत भरावे. पालेभाजी वाहत्या पाण्याखाली तीन वेळा धुवावी, ती आपल्या बागेतली असली तरी.

देलावेअरकाठ यांचे उत्तर

मी मूळची नाशिकची, गेली बारा वर्षे फिलाडेल्फियात राहते. खजिनदारांना आकडे आवडतात असे दिसते, म्हणून या शहरात झालेला एक प्रयोग सांगते. येथे हजारो पडीक भूखंड आहेत. त्यांपैकी ५४१ भूखंड निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले गेले. काही ठिकाणी कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली व बुटके लाकडी कुंपण घातले. काही ठिकाणी फक्त कचरा काढला. काही तसेच ठेवले. आजूबाजूच्या ४४२ रहिवाशांच्या मुलाखती आधी आणि नंतर घेतल्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरवळ केलेल्या भूखंडांजवळच्या लोकांत उदास वाटण्याचे प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांजवळच्या लोकांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटले होते आणि गरीब वस्त्यांत ही घट ६८ टक्क्यांहून अधिक होती. नुसता कचरा काढलेल्या ठिकाणी मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

प्रामाणिकपणे सांगायला हवे की ते भूखंड भाजीबागा नव्हते, आणि आपल्या सोसायट्यांची स्थितीही वेगळी आहे. म्हणून हा आकडा जसाच्या तसा सभेत वापरू नका. परंतु तुमच्या मागच्या पट्टीतला पलंग नुसता उचलून नेणे आणि त्या जागी काही वाढवणे, या दोन गोष्टींत फरक आहे, एवढे त्यातून नक्की म्हणता येते.

एक इशाराही देते, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी मॅनहॅटनमधल्या एका उकिरडा झालेल्या कोपऱ्यावर बाग केली. पुढे शहरभर अशा शेकडो बागा झाल्या. जमीन मात्र महापालिकेची होती, आणि १९९९ साली महापौर जुलियानी यांच्या प्रशासनाने शंभराहून अधिक बागांच्या जमिनी लिलावात काढल्या. लोक रस्त्यावर उतरले, खटले झाले आणि शेवटी दोन संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर देऊन ११४ बागा विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. पंचवीस वर्षे लोकांनी जिथे माती तयार केली, ती जागा कागदावर त्यांची नव्हती. म्हणून तुमच्याकडे तोंडी होकारावर काही सुरू करू नका. कोणती जागा, किती वर्षांसाठी, देखभाल कोणाकडे आणि दुरुस्तीच्या वेळी वाफे कोण हलवणार, हे सर्वसाधारण सभेच्या ठरावात लिहून घ्या. नाहीतर पुढची समिती आली की त्या पट्टीत दोन गाड्या उभ्या राहतील.

काळी_माती_पुरंदर यांचे उत्तर

मी पुरंदर तालुक्यात भाजीपाला पिकवतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुमची गच्ची चार गुंठेसुद्धा नाही. श्रीपाद अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने, दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो असे मांडले होते, तेही पूर्णवेळ, रोज निरीक्षण करून शेती केली तर. तेव्हा बेचाळीस घरांचे पोट त्या गच्चीवर भरणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. गच्चीवरच्या बागेमुळे आमचा माल कमी खपेल अशी भीतीही मला वाटत नाही.

मला तुमच्या बागेचा फायदा वेगळाच दिसतो. गेल्या पौषात माझ्या घेवड्यावर मावा पडला. चार दिवस ढगाळ हवा होती, पाचव्या दिवशी शेंड्यांवर काळा थर. निंबोळी अर्क फवारला, तरी निम्मा माल गेला. हे मी मंडईत भाव सांगताना गिऱ्हाइकाला कसे समजावणार? पण ज्या बाईने आपल्या वाफ्यात वालाच्या वेलावर मावा बघितला आहे, रोज सकाळी बोटांनी तो पुसून काढला आहे आणि तरीही वेल हातचा गेलेला पाहिला आहे, तिला भाव का चढला हे सांगावे लागत नाही. कीड लागलेले पान बघून ती भाजी टाकून देत नाही, तेवढे पान खुडून बाकीची घेते. शहरात अशी घरे वाढली तर आम्हाला औषधांचे फवारेही कमी मारावे लागतील, कारण डागविरहित मालाचा हट्ट गिऱ्हाइकाकडूनच सुरू होतो. तुमची बाग लागली तर सासूबाईंना घेऊन बियाण्याला आमच्याकडे या. गावरान घेवडा आणि चाकवताचे बी देईन.

पारिजात_पुणे यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आपण दिलेला वेळ मी वाया जाऊ दिलेला नाही, म्हणून आजवर काय झाले ते लिहिते.

काल मी आणि सेक्रेटरी वरच्या मजल्यावरच्या सहाही घरांत जाऊन छत ठोकून आलो. चार ठिकाणी आवाज भरीव आला. दोन ठिकाणी, दोन्ही पश्चिमेकडच्या बाजूला, स्पष्ट पोकळ आला आणि एका घरात पंख्याच्या हुकाभोवती पांढरी खार फुटलेली दिसली. त्या घरातल्या काकांनी आजवर बागेला सर्वांत मोठ्याने विरोध केला होता, आणि छताकडे बघितल्यावर त्यांची काळजी किती रास्त होती हे मला कळले. त्यामुळे गच्चीचा विषय प्रस्तावातून काढला आहे. त्याऐवजी स्ट्रक्चरल ऑडिटचा स्वतंत्र ठराव त्या काकांनीच मांडायचे कबूल केले आहे.

बागेचा ठराव आता फक्त मागच्या पट्टीपुरता आहे: पाच वर्षांसाठी, कुंपणाकडून दोन फूट जागा पाइपांच्या दुरुस्तीसाठी मोकळी सोडून, जमिनीवर विटांचे उंच वाफे आणि ओल्या कचऱ्याचे दोन हौद. खजिनदारांना मालमत्ता कराची जुनी बिले काढायला सांगितली, तेव्हा सवलतीचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला. पालकाबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. फक्त हौद त्यांच्या खिडकीपासून लांब असावेत एवढी अट घातली, आणि ती मान्य आहे.

पट्टीतल्या फरश्या उचलताना सासूबाई खाली येऊन उभ्या राहिल्या. मोडका पलंग उचलल्यावर खालची जमीन ओली दिसली, कारण वरून गच्चीच्या टाकीचा ओव्हरफ्लो तिथेच पडतो. त्यांनी वाकून ती माती चिमटीत घेतली, दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "हितं अळू लावा. दुसरं काय लावू नका." ठरावाच्या मसुद्यात पहिल्या वाफ्यापुढे मी अळू असे लिहून ठेवले आहे.